अप्पांचा डावा डोळा

बसलिंगअप्पांच्या उजव्या बाजूला उभं राहायचं नाही, असं मला ईट गावात कुणी सांगितलं नव्हतं. ते मी आपोआप शिकले. त्यांच्या दुकानाची पायरी चढली की माझे पाय डावीकडून वळायचे. उजवीकडे, त्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, एक लाकडी स्टूल असायचं. त्यावर कुणी बसत नसे. पिशवीसुद्धा कुणी टेकवत नसे. गौरव्वा, म्हणजे अप्पांच्या बायको, झाडताना ते उचलायच्या, खालचं झाडून घ्यायच्या आणि होतं तिथंच परत ठेवायच्या.

आधी असं नव्हतं. मी ईटला आले तेव्हा ते स्टूल गिऱ्हाइकांसाठी होतं.

मी डोळे तपासते. शाळा बार्शीला, इंग्रजी माध्यमात झाली, पुढचं शिक्षण सोलापुरात, आणि पहिली नोकरी ईटला लागली. धाराशिवच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याचं तिथं छोटं तपासणी केंद्र होतं. एक खोली, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, काचांची पेटी आणि मी. ऑपरेशन लागणार असेल तर मी चिठ्ठी देऊन धाराशिवला पाठवायची. मला माणसांशी बोलायला जमत नाही. माझं मराठी पुस्तकातलं वाटतं, म्हणून मी ते जपून वापरते. ‘वर बघा, खाली बघा, हे बरं की ते बरं’ एवढ्यावर माझा दिवस जायचा. पहिल्याच आठवड्यात समोरच्या दुकानातून अप्पांचा आवाज आला. ते गौरव्वांना सांगत होते, पण गल्लीला ऐकू जाईल असं.

“पोरगी शाणी हाय. फकस्त इंग्रजीत गप बसती.”

गल्ली हसली. मीही खिडकीच्या आत हसले.

अप्पा खव्याचे व्यापारी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात नीळ घातलेला पांढरा सदरा. सकाळी आठच्या सुमाराला आसपासच्या वस्त्यांवरचे भट्टीवाले परातीत खव्याचा गोळा घेऊन यायचे, वर ओलं फडकं टाकलेलं. परात अप्पांच्या समोर ठेवायची आणि फडकं काढायचं. त्याबरोबर अप्पा आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरायचे. शाळेत मुलं बसतात तसे. मग मान थोडी वाकडी करून नुसते बघायचे. एक, दोन, तीन श्वास. पसंत पडला तर एक हात मांडीखालून निघायचा आणि गोळ्याला बोट लावायचा. नाही पडला तर हात तिथंच राहायचे आणि अप्पा म्हणायचे, “माघारी न्या.”

“हात लावला की घेतला,” हा त्यांचा नियम होता. बापापासूनचा. दुसऱ्याच्या मालाला बोटं लावायची, चव बघायची आणि मग नको म्हणायचं, हे त्यांना उष्टं करून टाकण्यासारखं वाटायचं. म्हणून जो माल नाकारायचा, त्याला त्यांनी आयुष्यात कधी हात लावला नव्हता. वास घ्यायलासुद्धा वाकले नव्हते. सगळा निवाडा डोळ्यांचा. आणि अप्पांनी माघारी लावलेला खवा गावात दुसरं कुणी घेत नसे. कारण विचारायची पद्धतच नव्हती.

नवा चष्मा करायला ते माझ्याकडे आले तेव्हा मी बॅटरी लावून पाहिलं. दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू पिकत आला होता. काहींचा दुधासारखा पांढरा होतो. अप्पांचा तपकिरी होता, कोऱ्या चहासारखा. मी सांगितलं की चष्म्यानं भागणार नाही.

“काय बोलती,” ते म्हणाले. “माझ्या डोळ्यावर समदा गाव खवा शिजिवतो.”

ते वाक्य किती खरं होतं, हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही.

दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आतलं जुनं, गढूळ झालेलं भिंग काढून नवी लेन्स बसवली. गावात याला डोळा बदलणं म्हणतात. पट्टी निघाल्यावर तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले, खुर्चीत बसले आणि तक्त्यावरची शेवटची, सगळ्यात बारीक ओळ अडखळल्याशिवाय वाचली. मला वाटलं, खूष होतील.

“दिसतंय चांगलं,” ते म्हणाले. “पर बराबर दिसंना.”

मी विचारलं, म्हणजे कसं.

“ही भिंत निळी का झाली? माझा सदरा निळा का झाला? आन् आमची गौरा—” ते दाराकडे वळले. गौरव्वा उंबऱ्यात उभ्या होत्या. “आगं, तुझ्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या कवा पडल्या?”

“नोडरी,” गौरव्वा माझ्याकडे बघून म्हणाल्या. त्या आळंदकडच्या, चिडल्या की कानडीत सुरू व्हायच्या. “बघा, बघा. पैल्या दिवशी डोळा आला आन् पैली खोड माझीच काढली. आरसा दावा की ह्यांना.”

मी त्यांना समजावून सांगितलं. जुन्या भिंगातून निळा रंग आत येतच नव्हता, सगळ्यावर पिवळट तपकिरी थर होता. हळूहळू चढल्यामुळे तो कळला नाही. आता एक डोळा स्वच्छ आहे आणि एक जुनाच आहे, म्हणून फरक जाणवतो. दुसरा डोळा केला की सारखं होईल. अप्पांनी उजवा डोळा झाकला, डाव्यानं भिंतीकडे पाहिलं. मग डावा झाकला. मग पुन्हा उजवा. असं ते बराच वेळ करत राहिले. पुढे हा त्यांचा चाळाच झाला. बोलता बोलता एक तळवा एका डोळ्यावर जायचा, मग दुसऱ्यावर. दोन गावांत आळीपाळीनं जाऊन आल्यासारखे दिसायचे ते.

पुढच्या सकाळी त्यांनी सात परातींपैकी सहा माघारी लावल्या.

मी खिडकीतून बघत होते. भट्टीवाले एकमेकांकडे बघू लागले. दत्तू नावाचा एक उंच, फटकळ माणूस होता, तो परात उचलेना.

“काय खोट हाय, अप्पा?”

“कच्चा हाय. दूध दिसतंय मला त्याच्यात.”

“कच्चाच असणार की.” दत्तू तडकला. “तुमालाच पांढरा लागतो. चार वरसं झाली, जरा रंग धरला की तुमी करपला म्हणता. मंग आमी काय करायचं? उकळी मोडायच्या आदीच कढई उतरिवतो. समदी वस्ती उतरिवती. वजन बी जास्त भरतंय, आमची काय तक्रार न्हाय. आन् आता म्हणता कच्चा?”

 अप्पांचे हात मांडीखालीच होते.

“एक कोंडाबाई तेवढी ऐकली न्हाय,” दत्तू जाता जाता म्हणाला. “तिचं काय झालं, बघितलं की आमी.”

त्यानंतर आठ दिवस अप्पांनी कुणाचाच खवा घेतला नाही. नवव्या दिवशी त्यांनी दुकानामागच्या बंद भट्टीत स्वतः जाळ घातला. म्हशीचं दूध आणलं, लांब दांड्याचं उलथणं हातात घेतलं आणि त्यांच्या आईनं शिकवलं होतं तसा, शेवटपर्यंत खवा आटवला. मग तो गोळा पितळी वाटीत घेऊन ते माझ्या केंद्रात आले. माझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं, त्या उन्हात त्यांनी वाटी ठेवली.

“ह्यो बराबर शिजलाय,” ते म्हणाले. “ह्या हातानं शिजिवलाय. कसा दिसतो तुला?”

“पांढरा,” मी म्हणाले. “थोडासा सायीसारखा.”

त्यांनी डावा डोळा झाकला. “व्हय. साय.” मग हात बदलला, उजवा झाकला आणि उरलेल्या जुन्या डोळ्यानं वाटीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. 

“करपलाय,” ते म्हणाले.

कोंडाबाईंबद्दल मला गौरव्वांनी सांगितलं. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर त्यांची भट्टी होती. नवरा नव्हता, एक मुलगी होती, चार म्हशी. गावातला सगळ्यात चांगला खवा त्यांचा, असं खुद्द अप्पा म्हणायचे. मग अप्पा त्यांची परात माघारी लावू लागले. करपलाय म्हणायचे. बाई म्हणायच्या, हात तर लावून बघा. अप्पा म्हणायचे, हात लावला की घ्यावा लागतो. बाकीच्यांनी कढई लवकर उतरवायला सुरुवात केली. कोंडाबाईंनी केली नाही. कच्चा खवा लेकराच्या पोटात जातो, मी विकणार नाही, म्हणाल्या. तीन हंगाम त्या रोज परात घेऊन आल्या आणि रोज माघारी गेल्या. गडद निळं इरकली लुगडं नेसायच्या. परात अप्पांच्या उजव्या हाताला ठेवून तिथंच उभ्या राहायच्या, सगळे जाईपर्यंत. शेवटी म्हशी विकल्या आणि ढोकीला मुलीकडे निघून गेल्या.

“बाई वाईट न्हवती,” गौरव्वा म्हणाल्या. “आन् ह्यांनी बी मुद्दाम केलं न्हाय. पर गाव म्हणलं, अप्पानं बाईची भट्टी बुडिवली. कुणी म्हणलं, काय तरी डाव असंल. आता कुणाकुणाला सांगावं?”

मुद्दाम केलं की चुकून, डाव होता की नव्हता, हा प्रश्न गावात उरला होता. अप्पांच्या मनाला तो आता लागला होता.

डोळ्याच्या कडेला दिसणाऱ्या सावलीबद्दल ते मला त्यानंतर बोलले. आधी त्यांना वाटलं होतं पट्टीचा परिणाम असेल.

“पोरी, ह्या नव्या डोळ्याच्या कडंला कोण तरी हुबं असतंय.”

मी माझ्या वहीकडे बघत राहिले.

“हितं.” त्यांनी उजव्या कानशिलाच्या पुढे, हवेत बोट नेलं. “वळून बघितलं की न्हाय. सरळ बघितलं की हाय. उभं, वाकल्यालं. कोयत्यासारखं. काळं बी न्हाय. निळसर काळं.”

हे मला माहीत होतं. पुस्तकात आहे. नवी लेन्स जुन्या भिंगापेक्षा पातळ आणि लहान असते. बाजूनं येणारा काही उजेड तिच्या कडेवरून वाकडा जातो, काही डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पोहोचतच नाही, आणि त्या जागी नजरेच्या बाहेरच्या टोकाला एक अंधारी कोर दिसते. ऑपरेशन नीट झालेलं असतं, तक्ता शेवटपर्यंत वाचता येतो, तरी दिसते. बहुतेकांची काही महिन्यांत जाते, मेंदू तिच्याकडे बघायचं सोडतो. काहींची राहते. मी हे सगळं सांगितलं, पुस्तकी मराठीत. शिवाय एक युक्ती सांगितली. तळवा कानशिलापाशी आडवा धरला तर बाजूचा उजेड अडतो आणि कोर फिकी होते.

त्यांनी तळवा धरला.

“गेली,” ते म्हणाले. मग हात काढला. “आली.” पुन्हा धरला. “तुझं खरं हाय. उजेडाचाच खेळ हाय.” मग हात खाली घेतला. “पर उजेड रोज परात घिऊन येत न्हाय.”

त्याच सुमाराला ते स्टूल रिकामं राहू लागलं.

आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणाला सांगितली नाही. लेन्स बसवलेल्या डोळ्यावर तिरका उजेड पडला की बाहुलीत क्षणभर चमक उठते. मांजराच्या डोळ्यात उठते तशी, पण थंड. हेही साधं आहे, लेन्सच्या पृष्ठभागावरून उजेड परत येतो, इतकंच. दवाखान्यात मी शेकडो वेळा पाहिली आहे. पण संध्याकाळी दुकानाच्या अंधारात अप्पा सरळ समोर बघत बसलेले असायचे, गल्लीतून एखादी मोटारसायकल वळायची आणि त्यांचा उजवा डोळा एकदम पेटून विझायचा. डावा तसाच तपकिरी. बाजूचं स्टूल रिकामं. शेजारची मुलं पेढा मागायला यायची बंद झाली. मी खिडकी लवकर लावायला लागले. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. मला तर सगळं माहीत होतं.

उन्हाळा लागला तसा त्यांचा डावा डोळा दुखायला लागला. मी डोळ्यातला दाब मोजला, वाढत होता. पूर्ण पिकलेला मोतीबिंदू आत फुगतो. तसाच ठेवला तर डोळा कायमचा जातो, मग ऑपरेशन करूनही काही दिसत नाही. धाराशिवच्या डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली. अप्पा दोन्ही वेळा गेले नाहीत. गौरव्वा माझ्याकडे आल्या.

“तू सांग त्यांना. तुझं ऐकतील. तू कमी बोलती म्हणून तुझं ऐकतात.”

मी रस्ता ओलांडून गेले, डावीकडून. जे सांगायचं होतं ते घोकून गेले होते. अप्पांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

“डोळा जाईल म्हणती?”

“हो अप्पा. थोडेच दिवस आहेत.”

“आन् बदलला तर समदं पांढरं दिसंल. दोन्हीकडनं.”

“हो.”

“मंग माझी साक्ष कोण देणार?” ते डाव्या डोळ्यावर बोट ठेवून म्हणाले. “ह्या एकाच डोळ्याला ठावं हाय की मला तवा खरंच करपल्यालं दिसत हुतं. म्या खोटं बोललो न्हाय. रोज सकाळी वाटीत खवा घेतो, ह्याच्यानं बघतो. करपलेला दिसला की बरं वाटतं. ह्यो बी काढून दिला तर माझ्यापाशी काय राहिलं? ती हितं हुबी हाय. तिला काय दावू?”

 मी घोकलं होतं त्यात साक्षीचं काही नव्हतं. मग माझ्या तोंडून एक वाक्य गेलं, ते मी आजही मोजून बघते.

“अप्पा, त्या ढोकीला आहेत ना? मग त्यांनाच दाखवा.”

पुढच्या सोमवारी केंद्राला सुट्टी होती. अप्पांनी पहाटे खवा आटवला, गोळा स्टीलच्या डब्यात घातला, वर ओलं फडकं. डावा डोळा दुखत होता, म्हणून गौरव्वांनी मला सोबत पाठवलं. येडशीला गाडी बदलून आम्ही दुपारी ढोकीला उतरलो. कारखान्याचा हंगाम संपला होता. रस्त्याच्या कडेला रिकाम्या ट्रॉल्या उभ्या होत्या आणि हवेत मळीचा आंबूस वास उरला होता. विचारत विचारत घर सापडलं. पत्र्याचं, पुढं लिंब, लिंबाखाली बाज. दार उघडं होतं, आत कुणी दिसेना.

“कोण हाय का?” अप्पांनी हाक मारली. उत्तर नाही. ते डबा छातीशी धरून दाराकडे बघत उभे राहिले. मी त्यांच्या डावीकडे होते.

घराच्या बाजूनं, उजवीकडून, एक बाई आली. कमरेवर घागर होती. उंच, किंचित वाकलेली, गडद निळं इरकली नेसलेली. ती येऊन अप्पांच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर थांबली आणि त्यांच्याकडे बघू लागली.

अप्पांनी मान वळवली नाही.

मला कळायला थोडा वेळ लागला. ती त्यांना दिसत होती. ती त्यांना चार महिने रोजच दिसत होती. त्या जागी कुणी उभं असणं ही आता त्यांच्यासाठी बघण्याची गोष्ट राहिली नव्हती. ते शांतपणे उघड्या दारात बघत होते, आणि ती त्यांच्या कानशिलाकडे बघत होती.

“घरात कुणी न्हाय,” ती म्हणाली. “कोण पायजे?”

अप्पांच्या हातातला डबा खाली पडला नाही एवढंच. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“बोलली,” ते पुटपुटले.

“बोलणार न्हाय तर काय. मुकी हाय का मी?” बाईंनी घागर उतरवली. मग नीट पाहिलं. “आगं बया. बसलिंगअप्पा.”

त्यांनी आम्हाला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. स्वतः दाराच्या उंबऱ्यावर बसल्या. अप्पांनी सगळं सांगितलं. एका दमात, खाली बघत. डोळ्याचं, भट्टीचं, दत्तूचं, वाटीचं. सावलीचं तेवढं सांगितलं नाही. मग डबा उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि फडकं काढलं.

“तुमच्या पद्धतीनं शिजिवलाय. हात लावून बघा.”

कोंडाबाईंनी डब्याकडे पाहिलं. मग आपले दोन्ही हात उचलले आणि सावकाश मांडीखाली दाबले. मान थोडी वाकडी केली.  ते हुबेहूब अप्पा होते.

“हात कसा लावू?” त्या म्हणाल्या. “हात लावला की घ्यावा लागतो न्हवं?”

एक, दोन, तीन श्वास.

“करपलाय, अप्पा. माघारी न्या.”

 अप्पांनी मान वर केली. काही क्षण ते बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी फडकं टाकलं आणि डबा बंद केला.

“ही पोरगी कोण?” बाईंनी विचारलं.

“डोळे तपासती.”

“असं व्हय.” त्या माझ्याकडे वळल्या. लिंबाच्या पानांतून येणारा उन्हाचा पट्टा त्यांच्या तोंडावर तिरका पडला, आणि त्यांच्या दोन्ही बाहुल्यांत, एकापाठोपाठ एक, ती थंड चमक उठली. दोन्ही डोळ्यांत लेन्स होत्या. तो खवा त्यांना माझ्याइतकाच पांढरा दिसत होता.

“मंग हिला समदं दिसत असंल,” त्या म्हणाल्या.

मी गप्प बसले. इंग्रजीत.

परतीच्या गाडीत अप्पा खिडकीशी बसले होते.  येडशी आल्यावर म्हणाले, “तिला बी करपलेलाच दिसला की गं.” आवाज अगदी साधा होता. त्यांना हवी होती ती साक्ष बाईंकडूनच मिळाली, असं मला वाटलं; मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी डोळा करून घेतला नसता, आणि डोळा गेला असता. मी ‘हो’ म्हणाले. तो आठवडा संपायच्या आत त्यांनी धाराशिवला जाऊन डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. त्या डोळ्यानंही ते तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचू लागले.

श्रावणात माझी बदली दुसऱ्या केंद्रावर झाली. निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांना भेटायला गेले. परातींची वेळ होती. अप्पा आता प्रत्येक गोळ्याला आधी हात लावत होते. चिमटीत घेऊन चोळायचे, वास घ्यायचे, आणि मग घ्यायचा की नाही ते सांगायचे. माघारी लावला तर कारण सांगायचे. भट्टीवाल्यांना हे अजून विचित्र वाटत होतं, पण कढया पुन्हा उशिरा उतरू लागल्या होत्या. परातींचं काम संपल्यावर त्यांनी हात धुतले, खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांडीखाली ठेवले. पूर्वी परात समोर असली की ठेवायचे. आता ती गेल्यावर ठेवत होते.

“चाललीस?”

“हो अप्पा. डोळे कसे आहेत?”

“दोन्ही बराबर झाले. तू म्हणली तसं.” बाहेरून उजेड येत होता. त्यांच्या दोन्ही बाहुल्या चमकल्या. “त्या दिवशी तिच्या डोळ्यात असंच चमकलं हुतं.”

माझा हात दाराच्या चौकटीवर होता. तो तिथंच राहिला.

“उजव्या डोळ्यानं दिसलं मला. मला बारीक वळ वाचता येती, पोरी. तूच वाचून घेतली हुतीस.” ते रागावलेले नव्हते. “तिला पांढराच दिसला. पांढरा दिसत असून तिनं माघारी लावला.”

“मग तुम्ही डाव्याचं ऑपरेशन का करून घेतलं?” मी विचारलं.

“मंग काय. मी खोटं बोललो न्हवतो, हे दावायला म्या डावा डोळा राखला हुता. तिनं डब्याकडं बघितलं आन् मला कळलं, माघारी जाणाऱ्याला त्यानं काय फरक पडत न्हाय. खरं दिसून लावलं काय, चुकून लावलं काय. परात तेवढीच जड हुती.” त्यांनी मान हलवली. “मंग त्या डोळ्याचा काय उपेग? दिला काढून.”

गौरव्वा आतून एक स्टूल घेऊन आल्या. दुसरं, तसंच, लाकडी. त्यांनी ते अप्पांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

“आता दोन्हीकडं हाय,” अप्पा म्हणाले. “उजवीकडची काय बोलत न्हाय. डावीकडची म्हणती, करपलाय.”

“अप्पा, हात,” मी म्हणाले. “कानशिलापाशी तळवे धरायचे. सांगितलं होतं ना मी? धरले की जातात.”

“जातात. ठावं हाय मला.”

ते सरळ समोर, गल्लीकडे बघत राहिले. हात त्यांनी मांडीखालून काढले नाहीत. मी पाया पडायला पुढे झाले आणि थबकले. इतके महिने मी डावीकडून वळसा घेत आले होते. आता तिथंही जागा नव्हती.